उद्या मतदानापूर्वी हे विधेयक वाचा : कर्नाटक विधान परिषदेच्या सदस्यांना खुले पत्र

बेळगाव, १८ डिसेंबर २०२५

प्रति,
माननीय सभापती आणि सर्व सन्माननीय सदस्य,
कर्नाटक विधान परिषद, सुवर्ण विधानसौध, बेळगाव

महोदय, महोदया,

‘कर्नाटक द्वेषमूलक भाषण आणि द्वेषमूलक गुन्हे (प्रतिबंध) विधेयक, २०२५’ आज विधानसभेत गोंधळात, चर्चेविना मंजूर झाले. मंत्रिमंडळाची मान्यता ४ डिसेंबरला, सभागृहात मांडणी १० ला, मंजुरी १८ ला. उद्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस आहे आणि उद्याच हे विधेयक तुमच्यापुढे येणार आहे. ते घाईत मंजूर करू नका, ही विनंती करण्यासाठी हे पत्र आहे.

आम्ही बेळगाव परिसरात वकिली, पत्रकारिता, ग्रंथालये आणि साहित्य संमेलनांचे संयोजन यांत काम करणारे मराठी आणि कन्नड भाषक नागरिक आहोत. पत्राची कन्नड प्रत सोबत जोडली आहे.

द्वेष पसरवणाऱ्या भाषणाला मोकळे रान मिळावे असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गी यांचा खून झाला. बेळगाव या दोन गावांच्या मधोमध आहे. माणसाविरुद्ध आधी वातावरण तापवले जाते आणि मग हल्ला होतो, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पण त्याच घटनांची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. कलबुर्गींवर ‘भावना दुखावल्याचा’ आरोप वर्षानुवर्षे होत होता. वचन साहित्यावरचे त्यांचे संशोधन आणि मूर्तिपूजेबद्दलची त्यांची विधाने यांवरून ओरड झाली होती. उद्या जो मसुदा तुमच्यापुढे येईल त्याच्या शब्दांत मारेकऱ्याला चिथावणारा जितका सहज बसतो, तितकेच कलबुर्गीही बसतात. आमचा मूळ आक्षेप हाच आहे.

व्याख्येपासून सुरुवात करू. बोललेले, लिहिलेले, चिन्हांनी दाखवलेले किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पसरवलेले जे काही एखादी जिवंत किंवा मृत व्यक्ती, गट वा समाज यांच्याविरुद्ध इजा, असलोखा, शत्रुत्व, द्वेष किंवा दुष्टभाव निर्माण करण्याच्या हेतूने केले जाईल, ते द्वेषमूलक भाषण ठरेल. आधार म्हणून धर्म, वंश, जात, लिंग, लैंगिक कल, जन्मस्थान, निवास, भाषा, अपंगत्व, जमात अशी यादी आहे. अपंगत्व आणि लैंगिक कल यांचा तीत समावेश झाला, हे चांगलेच आहे. अडचण त्या यादीची नाही, ‘असलोखा’ आणि ‘दुष्टभाव’ या शब्दांची आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्येही इजा, शत्रुत्व, द्वेष, दुष्टभाव हीच शब्दांची रांग होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद असताना फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली ती त्याच कलमाचा आधार घेऊन. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम पूर्णपणे रद्द केले. चर्चा, समर्थन आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत आणि कायद्याचा हात फक्त चिथावणीपर्यंत पोहोचू शकतो, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर बंधन घालण्याची जी कारणे मोजून दिली आहेत, त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था आहे, गुन्ह्याची चिथावणी आहे. पण ‘असलोखा’ नाही. १९६० मध्ये राममनोहर लोहियांच्या खटल्यात न्यायालयाने असेही ठरवले आहे की बोलणे आणि सुव्यवस्थेचा भंग यांत निकटचा संबंध दिसला पाहिजे, ओढूनताणून जोडलेला चालत नाही. विधेयकाच्या व्याख्येत हिंसेची शक्यता, धोक्याची निकटता किंवा परिणामाची तीव्रता यांपैकी एकही कसोटी नाही.

‘मृत व्यक्ती’ या शब्दांवर अंमळ थांबायला हवे. आपल्या भागात इतिहासातल्या माणसांवरून किती पटकन ठिणगी पडते ते सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि पाठोपाठ बेळगावात संगोळी रायण्णांच्या पुतळ्याची तोडफोड झाली. ती कृत्ये गुन्हाच होती आणि त्यांसाठी प्रचलित कायदे पुरेसे होते. मात्र टिपू सुलतान, बसवेश्वर, शिवाजी महाराज किंवा राणी चन्नम्मा यांच्याविषयी नव्या कागदपत्रांवरून कोणी काही वेगळे लिहिले, तर तो मृत व्यक्तीविरुद्धचा द्वेष ठरणार की नाही, याचे उत्तर मसुद्यात नाही. शिवचरित्रावरच्या एका इंग्रजी पुस्तकावरून पुण्यात नोंदलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये मंझर सईद खान खटल्यात रद्द केला. पुस्तकातले एखादे वाक्य तोडून चालत नाही, सगळे लेखन एकत्र वाचून हेतू शोधावा लागतो, असे न्यायालय तेव्हा म्हणाले. पण तो दिलासा मिळायला तीन वर्षे गेली आणि तेव्हाच्या कलमाची कमाल शिक्षा तीन वर्षांचीच होती.

आता शिक्षेच्या आकड्याकडे या. वरवर पाहता हा केवळ कमी-जास्तीचा प्रश्न वाटेल, पण आमच्या मते विधेयकातली सर्वांत मोठी चूक इथेच आहे. पहिल्या गुन्ह्याला किमान एक आणि कमाल सात वर्षे कैद व ५० हजार रुपये दंड. पुन्हा गुन्हा केल्यास किमान दोन वर्षे आणि एक लाख रुपये दंड. दुसऱ्या गुन्ह्याची कमाल शिक्षा आधी दहा वर्षे होती, ती मंजुरीच्या वेळी सातवर आणली. दहाचे सात केले म्हणजे सौम्य केले, असा समज झालेला दिसतो. वस्तुस्थिती वेगळी आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यात (म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्यात) ठाणेदाराला डीवायएसपींच्या, म्हणजे पोलीस उपअधीक्षकांच्या, परवानगीने गुन्हा नोंदण्यापूर्वी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली आणि गुन्हा या शिक्षेच्या पट्ट्यात बसत असेल, तर आधी ही चौकशी करणे उचित. बोललेल्या शब्दांचे वजन करताना खंबीर, समंजस माणसाची कसोटी लावायची. ज्याला प्रत्येक टीकेत संकट दिसते अशा डळमळीत मनाच्या माणसाची नव्हे, हेही त्या निकालात आहे. ती कसोटी मुळात १९४० च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेली. भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ (गटागटांत शत्रुत्व पसरवणे) तीन वर्षांचे आणि धर्मस्थळी गुन्हा घडल्यास पाच वर्षांचे आहे. कलम २९९ (धार्मिक भावना दुखावणे) तीन वर्षांचे, कलम ३५३ (अफवा आणि चिथावणीची विधाने) सुद्धा तीन वर्षांचे, धर्मस्थळी पाच. म्हणजे ही सगळी कलमे चौकशीच्या पट्ट्यात येतात. तुमचे विधेयक बरोबर सात वर्षांवर जाऊन बसते आणि ‘सातपेक्षा कमी’ या अटीतून निसटते. अभिव्यक्तीच्या प्रकरणांसाठी न्यायालयाने नऊ महिन्यांपूर्वी जी चाळणी दाखवली, ती या एका आकड्याने निकामी होते. मसुदा करणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केले असे आम्ही म्हणत नाही. समितीसमोर एक दिवस जरी हा मसुदा वाचला गेला असता, तरी कोणीतरी हे दाखवून दिले असते.

दुसरी चाळणीही अशीच गळते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ नुसार न्याय संहितेच्या कलम १९६, २९९ आणि ३५३(१) खालच्या खटल्याची दखल सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालयाला घेता येत नाही. त्या यादीत कलमांचे आकडे दिलेले आहेत. राज्याच्या नव्या कायद्यातला गुन्हा त्या यादीत येत नाही. त्यामुळे एकच भाषण जुन्या कलमाखाली नोंदले तर मंजुरी लागेल, नव्या कायद्याखाली नोंदले तर लागणार नाही. पोलीस कोणता मार्ग धरतील हे सांगायला नको. मंजुरीला विलंब लागतो ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे : मंजुरीची फाईल साठ दिवसांत निकाली काढण्याची मुदत घाला. चाळणीच काढून टाकणे हा उपाय नव्हे.

या तरतुदी प्रत्यक्षात कशा चालतील ते एका ओळखीच्या प्रसंगावरून पाहू. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथे दरवर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात. समजा, एका संमेलनात वक्ता सीमाप्रश्नावर बोलतो. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाचा उल्लेख करतो, ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा देतो आणि मराठी फलकांवरून प्रशासनावर टीका करतो. चाळीस मिनिटांच्या भाषणातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून व्हॉट्सअॅपवर फिरतो. रात्री कोणीतरी ठाण्यात तक्रार देतो की या भाषणाने भाषा आणि निवास यांच्या आधारे कन्नड भाषकांविरुद्ध दुष्टभाव निर्माण झाला. गुन्हा दखलपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत, म्हणून प्राथमिक चौकशी नाही. गुन्हा नोंद. कायद्याने अटकेऐवजी आधी नोटीस देता येते, पण गुन्हा अजामीनपात्र आहे. शुक्रवारी संध्याकाळी अटक झाली तर जामिनाचा अर्ज बहुधा सोमवारीच चालतो. वक्त्याचा मोबाईल जप्त होतो आणि प्रयोगशाळेत जातो. तो परत कधी मिळेल याची मुदत नाही. विधेयकात संस्थांच्या जबाबदारीचेही कलम आहे, म्हणजे संमेलनाचे अध्यक्ष, कार्यवाह, वाचनालयाचे विश्वस्त यांना ‘आम्हाला माहीत नव्हते, आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ हे सिद्ध करत बसावे लागेल. पुढच्या वर्षी गावात संमेलनाच्या परवानगीसाठी अर्ज आला की डीवायएसपी किंवा कार्यकारी दंडाधिकारी प्रतिबंधक कारवाईच्या कलमाकडे बोट दाखवू शकतात, कारण तिथे अधिकाऱ्याला तशी शंका येणे पुरेसे आहे.

हेच चित्र उलट बाजूनेही तितकेच खरे ठरेल. कन्नड फलकांसाठी आंदोलन करणारी संघटना, सीमाभागातल्या कन्नड शाळांसाठी बोलणारा शिक्षक, यांच्याविरुद्धही हीच तक्रार जशीच्या तशी लिहिता येईल. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायालयात जो दावा करता येतो, तो चौकात उच्चारला म्हणून सात वर्षांची भीती वाटावी, हे कोणत्याही भाषकाच्या हिताचे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेच्या वादातून बस वाहकाला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांतल्या बसफेऱ्या काही दिवस थांबल्या. मारहाणीचा गुन्हा मारहाणीच्या कलमांखालीच नोंदला गेला, तसाच तो नोंदला जायला हवा होता.

प्रतिबंधक कारवाईबद्दल आणखी थोडे. जमावबंदीसाठी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आहे, शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्यासाठी कलम १२६ आहे, दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठी तात्पुरत्या अटकेचे कलम १७० आहे. यांतल्या कलम १२६ ची रीत पाहा : दंडाधिकारी लेखी आदेशात माहितीचा गोषवारा देतो, कारणे दाखवा म्हणतो, चौकशी करतो, मग बंधपत्र, त्यालाही कमाल एक वर्षाची मर्यादा. विधेयकातल्या कलमाला यापैकी काहीच नाही. नोटीस किती तासांची, आदेश लेखी का, किती दिवस लागू, अपील कुठे, हे सगळे ‘नियमांत पाहू’ म्हणून सोडले आहे. शिवाय अधिकाऱ्यांना सद्भावनेने केलेल्या कृतीचे संरक्षण आहे. चुकीच्या कारवाईत ज्याचे नुकसान झाले त्याला मात्र काहीच नाही.

इंटरनेटवरचा मजकूर हटवण्याच्या कलमातही हाच घोळ आहे. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ सर्वोच्च न्यायालयाने टिकवले ते त्याच्या २००९ च्या नियमांमुळे : समिती, लेखी कारणे, मजकूर टाकणाऱ्याला शोधून नोटीस, दोन महिन्यांनी आढावा. तातडीच्या आदेशालाही ४८ तासांत समितीसमोर जावे लागते. केंद्राने यंदा ऑक्टोबरमध्ये आपले मध्यस्थांविषयीचे (समाजमाध्यमांसारख्या कंपन्यांविषयीचे) नियम दुरुस्त केले आणि मजकूर हटवण्याची सूचना सहसचिव दर्जाच्या किंवा पोलिसांत डीआयजी (उपमहानिरीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्यानेच द्यावी असे ठरवले. ते १५ नोव्हेंबरपासून लागू झाले. केंद्राच्या या व्यवस्थेवरही आमचे आक्षेप आहेत. पण तिला निदान दर्जाची अट आहे. तुमच्या विधेयकात ‘नियुक्त अधिकारी’ एवढेच आहे. वर, केंद्रीय कायद्याशी विसंगती आली तर राज्यघटनेच्या कलम २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. चर्चेविना मंजूर केलेले विधेयक तिथे अडकले तर घाईचा उपयोग काय झाला?

साहित्य, कला, विज्ञान, शिक्षण यांना सूट आहे, असे उत्तर सरकारकडून मिळेल. सूट आहे, पण ती मजकूर जनहितार्थ असल्याचे सिद्ध झाले तर. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. म्हणजे लेखक आधी आरोपी होणार, जामीन घेणार, तारखांना हजर राहणार आणि शेवटी खटल्यात ही सूट मागणार. शिवाय ती लिहिलेल्या, छापलेल्या, चितारलेल्या गोष्टींना धरून रचलेली आहे. कीर्तन, व्याख्यान, पथनाट्य यांचे त्यात काय, हे स्पष्ट नाही.

सदस्यांच्या स्वतःच्या माहितीसाठी एक गोष्ट. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८(३) प्रमाणे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली की अपात्रता येते आणि ती सुटकेनंतर आणखी सहा वर्षे राहते. २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर विद्यमान सदस्यांना अपिलासाठीची तीन महिन्यांची सवलतही उरलेली नाही. या विधेयकात दुसऱ्या गुन्ह्याची किमान शिक्षाच दोन वर्षे आहे. दंडाधिकाऱ्याला वाटले की सहा महिने पुरेत, तरी ते त्याच्या हातात नाही. आज सत्तेत असलेल्यांनी हे शब्द उद्याच्या गृहमंत्र्याच्या हातात ठेवून वाचावेत.

मग द्वेषमूलक भाषणे करणारे सुटतात का? सुटतात, आणि याचा राग आम्हालाही आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२० च्या आकडेवारीत जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १५३अ (आताचे कलम १९६) खाली १,८०४ गुन्हे आहेत आणि दोषसिद्धीचे प्रमाण साधारण २० टक्के. शिक्षा तीनची सात केल्याने हा आकडा हलणार नाही, कारण खटले शिक्षेच्या कलमाशी पोहोचण्याच्या आधीच मोडतात. कुठे मोडतात ते सांगतो.

पहिली जागा पुरावा. भाषणाची चित्रफीत हाच मुख्य पुरावा असतो. ती बहुधा तक्रारदाराच्या फोनवर पुढे ढकललेली, कापलेली, दाबून छोटी झालेली मिळते. मूळ चित्रीकरण कोणी केले त्याचा शोध घेतला जात नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्याचे दोन भाग असतात, एक उपकरण सांभाळणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य (फाईल बदलली तर बदलणारी तिची डिजिटल ओळखखूण) लिहायचे असते. हे मूल्य जप्तीच्या क्षणीच काढले नाही तर मधल्या काळात फाईल बदलली गेली नाही, हे पुढे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असे प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचे पुन्हा बजावले. तरीही अनेक आरोपपत्रांत ते अर्धवट असते. आवाजाचा नमुना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ खाली दंडाधिकाऱ्याकडून मागून घ्यावा लागतो. तो महिनोन्‌महिने मागितलाच जात नाही. भाषण कन्नड, मराठी, उर्दू किंवा दख्खनीत असेल तर शब्दशः लिप्यंतर आणि प्रमाणित भाषांतर लागते. ठाण्यातला हवालदार सारांश लिहितो आणि बचावाचा वकील पहिल्याच उलटतपासणीत तो सारांश फाडून ठेवतो. यात ज्या गोष्टींची गरज आहे त्या सगळ्या खर्चाच्या आहेत : जिल्ह्यागणिक प्रशिक्षित पथक, हॅश काढायची साधने, पॅनेलवरचे भाषांतरकार, प्रयोगशाळेत मनुष्यबळ. विधेयकात यातल्या कशासाठीही रुपयाची तरतूद दिसत नाही.

दुसरी जागा इच्छाशक्ती. झुंडीच्या हिंसेविषयीच्या २०१८ च्या तहसीन पूनावाला निकालाने प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितले. २८ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला की द्वेषमूलक भाषण झाले तर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता, स्वतःहून गुन्हा नोंदवा. त्याच्याही आधी, २०१४ च्या प्रवासी भलाई संघटन निकालात न्यायालयाने म्हटले होते की कायद्यांची वाण नाही, अंमलबजावणीची आहे. या आदेशांचे कर्नाटकात काय झाले, किती जिल्ह्यांत नोडल अधिकारी काम करतात, त्यांनी किती गुन्हे स्वतःहून नोंदवले, त्यांतल्या किती प्रकरणांत मंजुरी मागितली आणि ती किती दिवसांत मिळाली, ही माहिती गृहखात्याने उद्या सभागृहासमोर ठेवावी, अशी मागणी तुम्ही करू शकता. ती एका पानावर बसेल.

तिसरी जागा खुद्द सरकार. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने ४३ फौजदारी खटले मागे घेण्याचा आदेश काढला, त्यांत २०२२ च्या जुन्या हुबळीतल्या दंगलीचा खटलाही होता. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आधीच्या सरकारांनीही आपापल्या माणसांवरचे खटले असेच काढून घेतले आहेत. एका हाताने जुने खटले मागे घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने नवा कडक कायदा आणायचा, यातून पीडितांना न्याय मिळत नाही.

परिषदेच्या हातात काय आहे? राज्यघटनेच्या कलम १९७ प्रमाणे तुम्ही विधेयक फेटाळू शकता, दुरुस्त्या सुचवू शकता किंवा तीन महिन्यांपर्यंत ते विचारार्थ ठेवू शकता. विधानसभेने ते पुन्हा मंजूर करून पाठवले तर आणखी एक महिना मिळतो. तुम्ही शेवटी विधेयक अडवू शकत नाही हे खरे, पण चार महिने विचार करायला लावू शकता. वरच्या सभागृहाची सोय घटनेने ठेवली ती अशाच प्रसंगासाठी. आमची मागणी संयुक्त चिकित्सा समितीची आहे. शेजारी महाराष्ट्रात डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेले जनसुरक्षा विधेयक समितीकडे गेले. तिथे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झाले तेव्हा उद्देशाच्या शब्दांतून ‘व्यक्ती आणि संघटना’ जाऊन ‘कडव्या डाव्या विचारांच्या व तत्सम संघटना’ आल्या, तपास फौजदाराऐवजी डीवायएसपींकडे गेला आणि सल्लागार मंडळाची रचना बदलली. तो कायदाही आम्हाला मान्य नाही, त्यातले ‘तत्सम’ तर मुळीच नाही. तरीही समितीत मसुदा वाचला जातो, एवढे त्यातून दिसते. इथे तर तेवढेही झालेले नाही.

समिती झाली तर तिच्यासमोर आम्ही ठेवणार असलेल्या दुरुस्त्या आताच सांगतो, म्हणजे विरोधासाठी विरोध असे कोणी म्हणू नये. व्याख्येतून ‘असलोखा’, ‘दुष्टभाव’ आणि ‘मृत’ हे शब्द काढावेत आणि ‘हिंसा, भेदभाव किंवा बहिष्कार यांना चिथावणी देणारे, आणि त्या परिस्थितीत तसे घडण्याची निकट शक्यता असलेले’ हे शब्द घालावेत. बहिष्कार मुद्दाम घातला आहे; अमुक समाजाच्या दुकानात जाऊ नका म्हणणारी पत्रके हा या भागातला खरा आणि रोजचा द्वेष आहे, आणि त्याला सध्याच्या कलमांत नीट नाव नाही. कमाल शिक्षा पाच वर्षांच्या वर नसावी, म्हणजे चौदा दिवसांच्या चौकशीचा मार्ग खुला राहील. ती चौकशी या कायद्यापुरती सक्तीचीच करावी. विधी आयोगाने मार्च २०१७ च्या २६७ व्या अहवालात द्वेषाच्या चिथावणीला दोन वर्षांची कमाल शिक्षा सुचवली होती, हेही समितीने पाहावे. किमान शिक्षा काढावी. सरकारची पूर्वमंजुरी ठेवावी, साठ दिवसांच्या मुदतीसह. प्रतिबंधक कारवाईचे कलम वगळावे, कारण संहितेत ते अधिकार आहेत. मजकूर हटवण्याचा आदेश लेखी, सकारण, ज्याचा मजकूर आहे त्याला प्रत देऊन आणि तीस दिवसांत न्यायिक आढाव्याच्या अटीवरच निघावा. साहित्य-कलेची सूट अपवाद म्हणून न ठेवता व्याख्येतच घालावी, म्हणजे सिद्ध करण्याचा भार सरकारी पक्षावर जाईल. आणि पीडितांच्या भरपाईचे कलम मात्र राहू द्यावे; तिथे फक्त रक्कम कोण, किती दिवसांत आणि कोणत्या निधीतून देणार ते लिहावे.

विरोधी बाकांवरच्या सदस्यांनाही एक विनंती. आज विधानसभेत विधेयकाच्या प्रती फाडल्या गेल्या. त्या फाडल्याने एकही कलम बदलले नाही, उलट चर्चेशिवाय मंजुरीला निमित्त मिळाले. उद्या सभात्याग करू नका. विधेयक समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव लेखी द्या, मतविभागणी मागा आणि कोणी कसे मत दिले ते नोंदवले जाईल असे पाहा.

आपले विश्वासू,
बेळगाव आणि सीमाभागातील मराठी व कन्नड भाषक नागरिक